काळोखातला भाचा

चि. भाचेराव,

आमच्या घराण्यातल्या पहिल्या (आणि तुझ्या वडिलांच्या मते शेवटच्या) नटास मामाकडून, डोळे चोळत चोळत, पोटभर आशीर्वाद.

तू खुशाल असशील, वेळेवर जेवत असशील आणि केसही कापून घेतले असतील असं धरून चालतो. (केसांचं तुझ्या आईनं विचारायला सांगितलंय, मला तुझ्या केसांचं काही पडलेलं नाही.) इकडे आम्ही सगळे तब्येतीनं बरे आहोत. तुझ्या मामीचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे जिना चढताना दुखतो, आणि माझ्या निरीक्षणाप्रमाणे मी दुसऱ्यांदा चहा मागितला की दुखतो. माझं म्हणशील तर चष्म्याचं दुकान उत्तम चाललंय, म्हणजे परवा दुपारपर्यंत उत्तम चाललं होतं. परवा दुपारी जे झालं ते तुला घरच्या फोनवरूनच सांगणार होतो. पण तुझे आईबाबा आठवडाभर आमच्याकडे मुक्कामाला आहेत, घर केवढं ते तुला ठाऊक आहे, आणि मी फोनवर जरा हळू बोलायला लागलो की तुझी मामी स्वयंपाकघरातून 'कुणाशी कुजबुज चाललीय' म्हणून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं विचारते. म्हणून दुकानात, गिऱ्हाईक नसताना, काउंटरवर काचा बाजूला सारून हे लिहितोय.

तर बाबा, आम्ही तुझा सिनेमा बघून आलो. 'बघून' हा शब्द हाताच्या सवयीनं पडला. बसून आलो म्हणायला हवं. मी अजून सावरलेलो नाही. मी जन्मात सिनेमे काही कमी बघितलेले नाहीत, वाईट बघितलेत, लांबलचक बघितलेत, झोपेत बघितलेत. पण डोळे सताड उघडे ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत जागा राहून, काहीच न दिसलेला हा पहिलाच. आणि माझा धंदा लोकांना दिसावं म्हणून झटण्याचा, त्यामुळे मला तो जास्तच लागलाय.

तुझं आणि तुझ्या बाबांचं काय बिनसलं ते तुला मी सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही, कारण सगळं त्यावरच अडलंय. तू वाचनालयाची कपाटं अर्धी टाकून, रंधा खाली ठेवून, नट व्हायला निघालास तेव्हा भाऊजी कारखान्याच्या दारात उभं राहून म्हणाले होते, 'आधी पडद्यावर दिसून दाखव. दिसलास की बोलेन.' माणूस रागात असं बोलतो आणि संध्याकाळी विसरतो. आपले भाऊजी त्यातले नव्हेत. त्यांनी लाकडावर पेन्सिलीनं रेघ मारली की करवत तिथूनच जाते. तेव्हापासून तू घरी येतोस, त्यांच्या समोर जेवायला बसतोस, आणि ते ताईला म्हणतात, 'त्याला म्हणावं, मीठ इकडे दे.' तू मीठ सरकवतोस आणि ताईला म्हणतोस, 'त्यांना म्हणावं, घ्या.' मधे बसलेल्या ताईचा घास हातातच राहतो. मी तिचा धाकटा भाऊ आहे, मला हे बघवत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हां दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटते. (भाऊजी मोठे असल्यामुळे त्यांच्या बाबतीत राहून जातं आणि तू लांब असल्यामुळे तुझ्या.)

म्हणून तुझा फोन आला, की मोठ्या सिनेमात काम मिळालंय, किल्ल्याच्या दरवाज्यावरचा पहारेकरी, हातात कंदील, वाक्यं दोन, तेव्हा ताईनं आनंदानं ते सगळं मोठ्यानं दोनदा म्हटलं. ती सांगते, भाऊजी शेजारच्या खोलीत स्टुलाचा पाय घासत होते. घासण्याचा आवाज थांबला. मग त्यांनी आतूनच विचारलं, 'कुठल्या थिएटरात?' त्यांच्या गावात थिएटर नाही, म्हणून दोघं आमच्याकडे आली. आल्या आल्या भाऊजी बॅग घेऊनच माझ्या दुकानात शिरले आणि तपासणीच्या खुर्चीत बसले. म्हणाले, डोळ्यांत काही कसर राहायला नको, नीट तपास. मी तपासले. जवळचं जरा बदललं होतं, लांबचं ठणठणीत. तरी मी त्यांना नवा चष्मा करून दिला, माझ्या हातानं काचा घासून, सगळ्यात हलकी फ्रेम काढून. मनात म्हटलं, मुलगा बापाला दिसायचाय, त्यात आपलाही हात लागू दे. आता तो हात कापून टाकावासा वाटतो.

परवा दुपारच्या खेळाला आम्ही चौघं गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी दोनदा केली होती. ओळीत पहिली तुझी मामी, मग ताई, मग भाऊजी, मग मी. आधी जाहिराती झाल्या. अरे, काय तो उजेड. फरश्यांच्या जाहिरातीत प्रत्येक फरशी वेगळी दिसत होती, दातांच्या जाहिरातीतल्या बाईच्या दाढेपर्यंत नजर पोचत होती. भाऊजी नव्या चष्म्यातून सगळं लक्ष देऊन बघत होते आणि एकदा माझ्याकडे वळून 'स्वच्छ दिसतंय' असं म्हणाले. भाऊजींच्या तोंडून कौतुक ऐकायला मिळणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

मग जाहिराती संपल्या आणि पडदा काळा झाला. आम्ही वाट बघत बसलो. घोडे धावल्याचा आवाज आला, कुणीतरी किंचाळलं, पाणी पडल्यासारखं वाटलं. मला वाटलं मशीन बिघडलंय, फक्त आवाज सुरू झालाय, चित्र मागून येतंय. तुझ्या मामीनं विचारलं, 'कधी सुरू होणार?' तर मागच्या रांगेतून एकानं सांगितलं, 'मावशी, होऊन दहा मिनिटं झाली.' त्याला दिसतंय आणि मला नाही, याचा अर्थ माझ्या धंद्यात एकच होतो. मी डोळ्यांचे सगळे आजार मनातल्या मनात एकामागून एक आठवले आणि प्रत्येक मला झालाय अशी खात्री पटली. दाराच्या वर हिरव्या दिव्यात 'बाहेर' अशी पाटी होती, तिच्याकडे बघत मी आधी उजवा डोळा झाकला, मग डावा. दोन्हींनी स्पष्ट वाचता आली, अक्षरांच्या कडासुद्धा. म्हणजे डोळे शाबूत होते. (पुढचे दोन तास मन रमवायला ती पाटी फार उपयोगी पडली. अख्ख्या सिनेमात सगळ्यात चांगलं काम तिनं केलंय.) जीव भांड्यात पडतोय तोच शेजारी बघितलं, तर भाऊजींनी चष्मा काढला होता. ते रुमालानं काचा पुसत होते. पुसून लावला, पडद्याकडे बघितलं, पुन्हा काढला, पुन्हा पुसला, आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेवढ्या अंधारातही मला ती नजर दिसली.

आता तुला शोधायचं तर कसं? आम्ही ठरवून आलो होतो, किल्ला दिसला की सावध व्हायचं आणि कंदील दिसला की तो आपला. पण किल्ला केव्हा आला ते कळलंच नाही. कुणीतरी पायऱ्या चढतंय असा आवाज येत होता एवढंच. मध्ये दूरवर एक पिवळा ठिपका हलला, ताईनं भाऊजींच्या पुढ्यातून हात करून दाखवला, आणि त्याच क्षणी कुणीतरी हुकूम सोडला की शत्रूला दिसेल, दिवे विझवा. विझवले. अरे, शत्रूला दिसेल म्हणून विझवले, मग आम्ही काय घोडं मारलं होतं? तिकीट काढून आलेल्या माणसाला शत्रूपेक्षा वाईट वागवायचं ही कुठली पद्धत? तुझ्या मामीला एकदा तू सापडलास. म्हणाली, तो बघा, दाराशी उभा, किती शांत, किती रुबाबदार, आणि तिचे डोळे भरून आले. पदरानं डोळे टिपून पुन्हा बघितलं तरी तू तिथेच. बराच वेळ तू हललाच नाहीस म्हणून तिला काळजी वाटायला लागली. मग कुठूनशी वीज चमकली आणि तो खांब निघाला. ती अजून मानायला तयार नाही. म्हणते, खांबाच्या मागे असेल.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा आम्ही सगळ्यांनीच डोळ्यांवर हात धरले. आणि मग जे झालं ते मी शत्रूवरही येऊ देणार नाही. त्या थिएटरात निम्मी माणसं माझी गिऱ्हाइकं होती. आधी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, ज्यांना मी महिन्यापूर्वीच चष्मा दिलाय. एक शब्द न बोलता त्यांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि गेल्या. त्यांच्या मागून आणखी तिघं आली. कुणी म्हणे नंबर चुकला, कुणी म्हणे काच उलटी बसवलीय. मी सांगत होतो की अहो, मलाही दिसत नाहीये, तर एक गृहस्थ म्हणाले, मग तर बघायलाच नको. हातात चार चष्मे घेऊन मी तसाच मॅनेजरकडे गेलो. मॅनेजर म्हणजे टाय लावलेला, अगदी अदबीनं बोलणारा माणूस. मी म्हटलं, तुमच्या मशीनचा दिवा गेलाय. तो म्हणाला, नाही साहेब, दिवा ठीक आहे, चित्रच तसं आहे, मुद्दाम केलंय.

मुद्दाम. मी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मुद्दाम केलंय. एवढे कपडे शिवले, किल्ला बांधला, घोडे आणले, शेकडो माणसं सकाळी उठवून त्यांना दाढ्यामिशा चिकटवल्या, आणि मग कुणालाही काही दिसू नये म्हणून मुद्दाम दिवे कमी केले. मी विचारलं, का? तर म्हणे, खरं वाटावं म्हणून, पूर्वी वीज कुठे होती. अरे, पण पूर्वी दिवस होता की नाही? सूर्य काय विजेबरोबर आला? तो म्हणाला, मोठ्या शहरांतल्या चांगल्या पडद्यांवर बऱ्यापैकी दिसतं म्हणे, आमच्याकडे आणखी जरा मंद होतं. आणि वर मला (मला, भाचेराव, मला) समजावतो, की थोडा वेळ द्या, डोळ्यांना सवय होईल. मी त्या चार चष्म्यांसकट तसाच उभा राहिलो.

आमच्या वेळच्या सिनेमातही रात्र व्हायची रे. पण ती रात्र निळी असायची. नायिका अमावास्येला विहिरीवर जायची तरी तिच्या बांगड्या मोजता यायच्या. चोर काळं घोंगडं पांघरून यायचा आणि घोंगड्याची वीण दिसायची. नायकाच्या नाकाच्या शेंड्यावर एक दिवा कायम पडलेला असायचा, तो कुठून येतो असं कुणी विचारायचं नाही, कारण विचारण्यात काय अर्थ, दिसत होतं ना? चंद्र नसताना चांदणं पडायचं. सगळं खोटं होतं आणि सगळं दिसत होतं. आता म्हणे सगळं खरं आहे. असेल बुवा. शेजारच्या खुर्चीतल्या एका तरुणानं खाली पडलेला पॉपकॉर्नचा डबा शोधायला मोबाइलचा दिवा लावला, तेव्हा आमच्या सगळ्या रांगेनं तिकडे माना वळवल्या. निदान काहीतरी बघायला मिळालं.

उत्तरार्धात मी आशा सोडली होती. भाऊजी सोडत नव्हते. खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून, डोळ्यांत तेल घालून बसले होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. गर्विष्ठ माणूस आहे, हट्टी आहे, सगळं कबूल. पण त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं अट घातली होती, आणि ती पुरी व्हावी म्हणून तो स्वतःच जीव टाकत होता. मला वाटलं, हा माणूस आज घरी जाऊन म्हणणार, दिसला नाही. आणि त्याला स्वतःलाच ते म्हणायचं नाहीये. कुठल्यातरी दीडशहाण्यानं दिवे कमी केले म्हणून माझ्या ताईच्या ताटात आणखी किती वर्षं मीठ इकडून तिकडे फिरणार? मी त्या अंधारात बसून, खरं सांगतो, रडकुंडीला आलो होतो.

आणि मग शेवटाकडे एक प्रसंग आला. किल्ला पडत होता वाटतं, कारण आवाज पडण्याचे होते. मागे कुठेतरी आग लागली असावी, तिचा थोडा लालसर उजेड होता, आणि त्या उजेडापुढून एक माणूस गेला. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसता काळा आकार. खाली एक म्हातारा पडला होता, त्याला ह्यानं उचललं, पाठीवर घेतलं आणि दरवाज्याबाहेर घेऊन गेला. बस्स, एवढंच. भाऊजींनी माझं मनगट धरलं. सुताराची पकड आहे, अजून वळ आहे. म्हणाले, 'हा.' मी म्हटलं, भाऊजी, तो तर कंदील घेऊन दाराशी असणार होता. त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाले, 'उचललं कसं ते बघितलंस? आधी गुडघ्यात वाकला, पाठ सरळ ठेवली, वजन मांडीवर घेतलं, मग उठला. बाकीचे सगळे कमरेत वाकतात आणि जन्माची पाठ धरून बसतात. कपाट असंच उचलायचं असतं. हे त्याला मी शिकवलंय.' त्यांचा आवाज असा कापरा मी कधी ऐकला नव्हता. ताई अंधारातच म्हणाली, 'हो, तोच.' तुझी मामी म्हणाली, मग खांबाजवळ कोण होतं? तिला मी गप्प बसवलं.

काल सकाळी दुकान उघडतोय तर पायरीवर हजर. म्हणाले, त्या सिनेमाचा ट्रेलर का काय तो तुझ्या कॉम्प्युटरवर दिसतो ना, मला पुन्हा बघायचाय, खात्री करायचीय. मी लावला. उजेड शेवटपर्यंत वाढवला, तर काळ्याचं करडं झालं, एवढाच फरक. भाऊजी नाक जवळजवळ टेकवून बघत होते. एका जागी त्यांनी मला थांबवायला लावलं. पडदा पूर्ण काळा होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, 'हा बघ. कपाळ बघ, नाक बघ. नाक माझंच घेतलंय त्यानं. जरा वाळलाय.' भाचेराव, माझं आयुष्य काचांत गेलंय. काळ्या काचेपुढे उजेडात तोंड धरलं की काय दिसतं ते मला कुणी सांगायला नको. ते स्वतःकडेच बघत होते. इतकं प्रेमानं त्यांना स्वतःकडे बघताना मी कधी पाहिलं नाही, आणि कुणाकडेही नाही. मी म्हटलं, 'हो भाऊजी, वाळलाय खरा.' मग ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, 'दिसला बरं का. रविवारी फोन करतो त्याला.'

तर असं झालंय. आता तू मला उलट टपाली एवढंच कळव, की तू नक्की कोण होतास. पाठीवर म्हातारा घेणारा तूच असलास तर प्रश्नच मिटला, आणि तू उचलण्यात बापाचं नाव राखलंस म्हणून मी पेढ्यांऐवजी तुला एक गॉगल पाठवीन. (तुम्हां नटांना तो लागतो म्हणतात. सिनेमा बघताना मात्र लावू नकोस, आधीच आनंद आहे.) आणि कंदीलवाला असलास तर तेही कळव, आपण काहीतरी युक्ती करू. दुसरं म्हणजे सिनेमा काढणाऱ्या मंडळींना मी सडकून एक तक्रार लिहून ठेवलीय. त्यात त्या कॅमेरावाल्याच्या डोळ्यांची तपासणी करून द्यायची तयारी दाखवलीय, आणि भाषा जरा जास्तच तिखट झालीय. त्यांचा पत्ता तुझ्याकडे असेल, तो पाठव. एवढा मोठा अन्याय मी मुकाट्यानं गिळणार नाही.

मामीचे, आईचे आशीर्वाद. बाबांचे लिहीत नाही, ते रविवारी स्वतःच देतील.

तुझा,
डोळस मामा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी भाऊजी पुन्हा दुकानात येऊन गेले. तुझा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. (तपासणीच्या तक्त्यावर सगळ्यात वरचं अक्षर असतं ना, तेवढे आकडे.) नंबर त्यांना पाठ आहे, ताई म्हणते, कधीपासून पाठ आहे. मग तिथेच उभं राहून मला विचारलं, फोन उचलल्यावर आधी काय म्हणायचं असतं? मी म्हटलं, कसा आहेस म्हणा. ते म्हणाले, ते तुझी ताई विचारते, मी कामाचं बोलणार. आणि आपल्या मनाशी ओठ हलवत निघून गेले. सराव चालला असावा.

आणखी ता. क. हे घाईघाईनं लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. थिएटरात शिरताना मी मोबाइल बंद केला होता आणि नंतरच्या गोंधळात तो चालू करायचाच राहिला. आज मामीनं खिसे उलटे करताना तो काढून दिला. चालू केला तर तुझा निरोप, परवा दुपारचा, आम्ही आत शिरलो त्याच वेळचा. मामा, बाबांना नेऊ नकोस, माझा प्रसंग कापलाय, मी सिनेमात कुठेच नाही. मी तो तीनदा वाचला. मग चष्मा बदलून वाचला. अरे, तू नव्हतासच. कंदीलवालाही नाही, खांबामागेही नाही. म्हणजे आम्ही चौघं दुपारभर नसलेल्या माणसाला शोधत होतो, आणि एकाला तो सापडलासुद्धा. किती वाईट वाटलं असेल तुला तो निरोप लिहिताना, आणि मी फोन खिशात घालून पाट्या वाचत बसलो होतो.

मग डोकं जरा ताळ्यावर आलं आणि असं वाटलं, की हा सिनेमा आमच्या वेळचा असता तर? निळी रात्र असती, प्रत्येकाच्या नाकावर दिवा असता, तर त्या म्हाताऱ्याला उचलणाऱ्याचा चेहरा लख्ख दिसला असता आणि भाऊजी उठून चालू लागले असते. तेव्हा ती तक्रार मी फाडली. पत्ता पाठवू नकोस. त्या कॅमेरावाल्याची गाठ पडली तर मामाचे आशीर्वाद सांग, आणि म्हणावं, आणखी काळोख करत जा.

ताईला मी बाजूला घेऊन सांगायला गेलो, तर म्हणाली, मला ठाऊक आहे. पोटच्या पोराची चाल आईला अंधारातही कळते, तो तू नव्हेस हे तिला तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं, मग 'हो, तोच' का म्हणालीस? म्हणाली, मी पडद्याकडे बघतच नव्हते, ह्यांच्याकडे बघत होते.

तेव्हा आता नीट ऐक. खोटं कसं बोलू म्हणून माझ्याकडे येऊ नकोस. हे तुझं पहिलं मोठं काम समज, यातलं कुणी काही कापणार नाही, आणि बघणारा एकच आहे. रविवारी फोन वाजेल. लगेच उचल, त्यांना वाट बघायची सवय आहे पण आता पुरे झालं. आमच्या मोरीत, नळ सोडून, त्यांचा सराव चाललेला मी भिंतीतून ऐकलाय, त्यामुळे पहिलं वाक्य मला माहीत आहे. ते विचारणार आहेत, म्हातारा उचलताना पाठ दुखली का रे. नाही म्हणू नकोस, त्यांना पटणार नाही. थोडी दुखली म्हण.